सोमाचे दात अन् माझा शब्द

दाताच्या गोष्टीचं एक हाय. एकानं काढली का दुसऱ्याला राहवत नाय. आमी जुनी हुतुतूवाली पोरं, आता म्हातारी, जव्हारच्या बाजारात भेटलो का चहा यायच्या आधीच तोंडं उघडतो. हा बोट घालून सुळा दाखवतो, तो दाढेचं भोक दाखवतो. चहावाला एकदा कावला न बोलला, "तुमची टीम होती का दवाखाना?"

माझे वरचे पुढचे दोन दात नायत. बोलताना मधेच शिट्टी वाजते. लोकांना वाटतं, हा महादू तापट माणूस, कुणीतरी ठोकला असंल. वाटू दे! डोकं माझं गरम, ते खरं. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरनं पट्टी मारली, मी पट्टी मोडली, शिक्षण संपलं. पण दात मारामारीत गेले नाय. सांगतो. आधी बाकीच्यांचे पाडू, माझे शेवटी!

* * *

आमची साखरशेतची टीम. सात गडी, कॅप्टन मी. कॅप्टन कुणी केला? कुणी नाय. मीच बोललो, "मी कॅप्टन," अन् कुणी काय बोलला नाय.

जव्हारात राजाचं राज्य होतं तवाची गोष्ट. दसऱ्याला सामने व्हायचे. पंच म्हणजे राज्याचा एक म्हातारा शिपाई. त्याला हुतुतू कळत नव्हतं, पण आवाज मोठा होता.

आमचा रघ्या चढाईला गेला. जव्हार गावातली टीम समोर. एका गड्याच्या डोक्यावर रघ्याचं तोंड असं आपटलं का खटकन आवाज झाला. तरी रघ्यानं दम सोडला नाय. "हुतुतू हुतुतू" करत रेघेपर्यंत आला न आडवा झाला. आमी नाचायला लागलो. गडी मारला!

त्यांचा कॅप्टन आला. बोलला, "थांबा! ह्याचा दात आमच्या गड्याच्या टाळूत घुसलाय. म्हणजे हा पुरता परत गेलाच नाय."

शिपाई गेला, टाळू बघितली. खरंच, दात उभा होता! मंग रघ्याच्या तोंडात बघितलं.

"दात तुझाच का?"

"माझाच की!"

"मंग तू बाद. माणूस पुरा परत आला पायजे."

मी असा तापलो का दोघांनी मला कमरेला धरला. रघ्या बिचारा रक्त थुंकून बोलला, "बाद तर बाद. दात तरी द्या माझा!"

शिपाई बोलला, "मॅच संपल्यावर. आता तो त्यांच्याकडचा गडी हाय."

* * *

ह्या रघ्यामुळं सगळी भानगड झाली. म्हणजे रघ्यामुळं नाय, त्याचा फुटका दात बघून नवशाबाबा भ्याला म्हणून.

नवशाबाबा म्हणजे आमच्या सोमाचा बाप. सोमा आमच्या टीमचा एक नंबर गडी. तो तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब वाद्य, वाजवायचा. भात झोडून झालं का आमच्याकडं तारप्यावर नाच असतो. तारपावाला घटका घटका फुंकतो, मधे वारा नाकातनं कधी घेतो ते कुणाला दिसत नाय. अशा माणसाला हुतुतूत दमाची काय कमी! सोमा पलीकडं गेला का दम तुटायचाच नाय. एकदा पंचानं त्याच्या नाकाखाली कोंबडीचं पीस धरलं. वारा घेतला तर पीस हलणार! सोमा पळतोय, पंच पीस धरून वाकून वाकून मागं पळतोय. शेवटी पंचच मटकन खाली बसला. पंचाचा दम गेला, सोमाचा नाय!

पण तारप्याला पुढचे दात पायजेत. दात गेला का ओठाला आधार राहत नाय, फुंक फुटते. नवशाबाबाचे दात म्हातारपणानं गेले न त्याचा तारपा खुंटीला लागला. त्याच्यामागं तीन पाड्यांत वाजवणारा एकटा सोमा. त्याचे दात गेले तर नाच बंद!

रघ्याचं तोंड बघितलं त्या दिवशी नवशाबाबा बोलला, "सोमा आजपासून खेळणार नाय. संपला."

सोमा नाय तर आमची टीम म्हणजे बिनबैलाची गाडी. मी गेलो त्याच्या अंगणात. बोललो, "बाबा, सोमाच्या दाताला काय नाय होणार. माझा शब्द."

"तुझ्या शब्दाला काय करू? तुझं डोकं तुझ्या ताब्यात नाय, सोमाचा दात तू सांभाळणार?"

झालं! तापलो. बोललो, "सोमाचा एक दात गेला तर माझे दोन काढून तुमच्या हातावर ठेवीन!"

सगळा पाडा ऐकत होता. सोमाची आई सूप टाकून बाहेर आली. नवशाबाबा उठला. खोडाळ्याच्या बाजारात बैल घेताना जसा ओठ वर करून दात बघतात तसा त्यानं माझा ओठ वर केला. बघितलं. अंगठ्यानं दाबून बघितलं.

"दात बरे हायेत," बोलला. "पण ह्यांनी तारपा वाजंल का?"

तरी सोमाला खेळायची परवानगी दिली. जाताना येवढंच बोलला, "मी शब्द विसरत नाय."

* * *

शब्द दिला, आता दात वाचवायचे कसे? दाताला कायतरी घालायला पायजे येवढं कळत होतं.

पयलं केलं फडकं. माझ्या पंच्याची चिंधी फाडली, घडी करून सोमाच्या तोंडात कोंबली. घडी मोठी झाली, एक टोक बाहेर लोंबत राहिलं. मी बोललो, "राहू दे, काढायला बरं."

समोर जामसरची टीम होती. सोमा गेला त्यांच्यात. त्यांच्या एका बारक्या गड्यानं काय केलं, पकड नाय, झेप नाय, नुसतं ते टोक धरलं! अन् बैलाला वेसण धरून नेतात तसा आमचा एक नंबरचा गडी सगळ्या मैदानभर फिरवला. सोमाला तोंड उघडता येईना, दात दाबून धरले तर फडकं सुटेना, अन् दम तर पयल्या पावलालाच गेला होता.

मी ओरडलो, "सोड त्याला!"

तो बारक्या बोलला, "मी कुठं धरलाय? तोच चावलाय!"

* * *

मंग मला वाटलं, रबर पायजे. रबर कुठं? पोस्टमनच्या सायकलीला. मी त्याला चांगल्या तोंडानं जुनी ट्यूब मागितली. तो बोलला, "जुनी नाही." बरं! मंग मी नवी घेतली. सायकलीतनंच. पुरी नाय, वीतभर.

रबर धुतलं, दाताच्या मापानं कापलं, सोमाच्या तोंडात बसवलं. बसलं झकास! पण ट्यूबच्या वासाला कोण काय करणार? आतनं पांढरी भुकटी, बाहेरनं चिखल, वर सोल्यूशन. सोमा "हुतुतू" करत गेला, मधेच थांबला. डोळे मोठे झाले. आमी समजलो, आता झेप टाकणार.

झेप नाय टाकली. ओकला! सकाळची आंबील न भाकर, सगळं. समोरचे तीन गडी असे मागं पळाले का सरळ रेघेच्या बाहेर. पंच बोलला, "तीन गडी बाद!"

आमच्या टीमची सगळ्यात मोठी चढाई तीच. पुढच्या मॅचला रघ्या मला बाजूला घेऊन बोलला, "महादू, ट्यूब आणलीस ना?"

पोस्टमन मातर आठ दिवस पायी फिरला. माझ्या घरी कार्ड घेऊन आला तवा दारातच उभा राहिला न बोलला, "पत्र आहे तुझं. वाचता येत असेल तर वाच." त्याला ठाऊक होतं, मला येत नाय.

* * *

खोडाळ्याच्या बाजारात एक काळूराम फौजी बसायचा. मोठ्या लढाईत बर्मापर्यंत जाऊन आलेला. पलटणीत बॉक्सिंग खेळायचा. त्याच्याकडं दाताचा खरा रबर हाय असं कळलं. आमी सातही जण गेलो.

फौजीनं पत्र्याची डबी काढली, फडकं उलगडलं. आत लाल रबर, घोड्याच्या नालासारखा वाकडा. त्याच्यावर दाताचे खड्डे. आमचे हात जोडायचेच बाकी होते.

"ह्याला काय समजता?" फौजी बोलला. "गोरे साहेब येवढे येवढे बुक्के मारायचे, एक दात हलला नाय!"

असं बोलून हसला. तोंडात पुढं एक पण दात नाय!

मी बोललो, "फौजी, मंग दात गेले कुठं?"

"ते बॉक्सिंगमधे नाय गेले. रबर काढून जेवायला बसलो तवा गेले." न खाली मान घालून बोलला, "पलटणीची बिस्किटं फार टणक होती रे."

त्याला रबराचा काय उपयोग नव्हता, देऊन टाकला. एका कोंबड्यावर. आता एक रबर, गडी सात. मी कॅप्टन, मी अक्कल चालवली. जो चढाईला जाईल त्यानं रबर घालायचा, परत आला का पुढच्याच्या हातात द्यायचा. सोमाकडनं रघ्याकडं, रघ्याकडनं माझ्याकडं. घाम, माती, थुंकी सगळ्यांचं एकच! दोन मॅच चाललं. मंग समोरच्यांना कळलं का ज्याच्या हातात रबर तोच येणार. ते आधीच त्याला बघून तयार राहायचे. अन् तिसऱ्या मॅचनंतर सगळ्या टीमच्या जिभेला फोड!

फौजी एकदा बघायला आला. आमची ती द्या-घ्या बघून त्यानं डोक्याला हात लावला. "अरे, ज्याच्या त्याच्या तोंडाच्या मापाचा पायजे! गरम पाण्यात नरम करून चावायचा असतो. एकाचा दुसऱ्याला होत नाय!"

रघ्या बोलला, "होतो की. मला बसला."

"तुला काय, तुझ्या तोंडात जागाच जागा हाय!"

* * *

अक्कल शेवटी कुणाला आली? माझ्या बायकोला, सखूला. नागलीच्या भाकऱ्या थापता थापता बोलली, "तारप्याचा भोपळा जोडायला मेण लावता ना? ते पण गरम करून दाबता. मंग दाताला का नाय?"

मी बोललो, "तुला काय कळतं हुतुतूतलं?"

"हुतुतूतलं नाय. पण घरात दात असलेला नवरा बरा दिसतो. तू शब्द देऊन बसलास."

दुसऱ्या दिवशी रानात गेलो, आग्या माश्यांच्या पोळ्याला. धूर केला, पण वारा फिरला. माश्यांनी मला असा फोडला का घरी आलो तवा सखूनं मला वळखलं नाय. ओठ सुजून नाकाला लागलेले. सोमा बघायला आला, पोट धरून हसला.

"महादूदादा, तुझे दात आता कोण पाडतो? सापडले तर पायजेत!"

पण मेण मिळालं. गरम पाण्यात नरम केलं, आत पातळ फडकं घातलं, सोमानं चावलं, गार पाण्यात धरलं. दाताच्या मापाचं झालं, फौजीच्या रबरापेक्षा बरं. आपल्या रानातलं, वास नाय, टोक नाय. दम पण चांगला यायचा, थोडा घुमायचा फक्त. नवशाबाबानं ते हातात घेऊन उलटं-सुलटं बघितलं, नाकाला लावलं.

"मेण चांगलं हाय," बोलला. "तारप्याला दिलं असतंस तर बरं झालं असतं."

* * *

तेवढ्यात राज्य गेलं. जव्हार मुंबई सरकारात मिळालं, ठाणे जिल्ह्यात गेलं. आमच्या भाताला न नागलीला काय फरक पडला नाय, पण हुतुतूला पडला! शिपाई गेला न पंच म्हणून ठाण्याकडचा एक चष्मेवाला क्लार्क आला. गळ्यात शिट्टी, हातात छापील पुस्तक.

त्यानं सोमाला थांबवला. "तोंडात काय आहे?"

मी बोललो, "मेण."

"कशाला?"

"दात वाचवायला."

त्यानं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. "पुस्तकात मेण नाही. काढा."

माझं डोकं सरकलं. "पुस्तकात दात हायेत का? बघा!"

तो बिचारा खरंच बघायला लागला. दोन पानं उलटली. "दातांचा उल्लेख नाही."

"मंग आधी तुमचे काढा!"

लोक असे हसले का त्याचा चष्मा घामानं भरला. त्यानं तो पुसला, सोमाच्या तोंडाजवळ कान नेला न बोलला, "दम ऐकू आला पाहिजे. बाकी माझं काही म्हणणं नाही." माणूस वाईट नव्हता. मीच वाईट होतो.

* * *

आता माझे दोन.

त्याच वर्षी जव्हारात फायनल. आमी न गावातली टीम. बक्षीस म्हणून पितळी घागर, चकचकीत, टेबलावर ठेवलेली. भात झोडून झालं होतं, संध्याकाळी पाड्यावर नाच ठरलेला. त्याच्यासाठी जव्हारला आलेल्या पाहुण्यांना घेऊन जायला नवशाबाबा स्वतः आला होता. मॅच बघायला तो जन्मात पयल्यांदा आला. कुडाला टेकून बसला, मांडीवर फडक्यात बांधलेला तारपा.

मला सारखं वाटत होतं, तो मॅच बघत नाय, सोमाचं तोंड बघतोय. अन् मधे मधे माझं.

शेवटची चढाई. दोन्हीकडं सारखं झालेलं. सोमा गेला. त्यांच्यात एक दांडगा गडी होता, लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणारा. सोमानं त्याच्या पायाला हात लावला न मागं फिरला, तसा त्यानं गुडघा उचलला. बसला सरळ सोमाच्या तोंडावर! धप्प! सोमाच्या तोंडातनं कायतरी पांढुरकं उडालं न मातीत पडलं. सोमा घसरत घसरत रेघेवर आला, हात टाकला, तोंड झाकून तसाच पडला.

शिट्टी झाली. आमी जिंकलो. पण कोण नाचणार? सगळे सोमाच्या तोंडाकडं. मातीत ते पांढुरकं पडलेलं. नवशाबाबा उठून उभा राहिला.

माझ्या डोळ्यापुढं काय दिसलं? तारपा खुंटीला. नाच बंद. अन् मी, शब्द देणारा!

मंग काय, मी त्या वखारवाल्यावर धावलो. डोकं खाली, वळू जसा. पंच मधे आला, त्याच्या बगलेतनं गेलो. रघ्यानं पंचाला धरला, पंचानं रघ्याला धरला, मी सुटलो तो सुटलोच. वखारवाला शहाणा. तो लढला नाय. नुसता एक पाऊल बाजूला सरकला.

त्याच्यामागं टेबल. टेबलावर घागर.

टणाण! असा आवाज झाला का देवळाजवळच्या लोकांना वाटलं आरती लागली. मी, टेबल न घागर, तिघं खाली. उठलो तर तोंडात माती न रक्त. जिभेनं बघितलं, पुढं मोकळं. हाताच्या तळव्यावर थुंकलो. दोन. वरचे, पुढचे.

ती घागर अजून सखूच्या पाण्याला हाय. तिला पोचा हाय, न पोच्यात दोन बारके खड्डे.

तिकडं सोमा उठून बसला होता. रघ्यानं मातीतलं ते पांढुरकं उचललं, झटकलं. मेण! आख्खं मेण, सोमाच्या दातांचे ठसे तसेच. नवशाबाबा सोमाजवळ वाकला. त्याचा ओठ वर केला, खाली केला, अंगठ्यानं एकेक दात दाबून बघितला. घाई नाय.

मंग काठी टेकत माझ्याकडं आला. मी खालीच बसलेला, हात पसरून, हातावर दोन दात. त्यानं दात बघितले, माझं तोंड बघितलं, न शांतपणे बोलला,

"सोमाचे सगळे जागेवर हायेत. तू आगाऊ कशाला दिलेस?"